झिंगराजीचा देबू : संत गाडगे महाराज आणि व्यसनाचे मूळ

चैत्राच्या तोंडावर गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी या तालुक्यांतील माणसे पहाटेच्या अंधारातच टोपल्या घेऊन मोहाच्या झाडांखाली जातात. रात्रभर टपटपलेली फुले वेचायची, अंगणात वाळवायची आणि त्यांवर घरच्या मीठमिरचीची सोय करायची, असा हा जुना क्रम आहे. मोह हे या भागातील गरिबाचे झाड होय. त्याची फुले खाण्यात येतात, बियांचे तेल निघते, जनावरांनाही त्याचा आधार असतो. गोंड समाजात जन्म, लग्न आणि मरण या तिन्ही प्रसंगी मोहाच्या दारूचे थेंब पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सोडण्याची रीत आहे. याच फुलांचा सडवा मडक्यात आंबतो, भट्टीवर चढतो आणि कित्येक घरांची राखही करतो.

एकाच गावात, एकाच आळीत, एकाच झाडाची फुले वेचणारे दोन भाऊ असतात. त्यांपैकी एक सणासमारंभापुरता घोट घेतो आणि बाजूला होतो. दुसरा घरातली भांडी विकेपर्यंत थांबत नाही. असे का व्हावे, हा प्रश्न नवा नाही. त्याची तीन उत्तरे गावोगावी तयार असतात : नशीब, संगत आणि रक्त. यांतले तिसरे उत्तर सर्वांत क्रूर आहे, कारण ते बापाचा दोष पाळण्यातल्या मुलाच्या कपाळी लिहून मोकळे होते. दारुड्याचा मुलगा दारुडाच निघायचा, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की शाळेच्या ओसरीवर बसलेल्या त्या मुलाच्या कानी ते पडत असेल, याचे भान बोलणाऱ्याला राहत नाही. आज विज्ञान या प्रश्नाकडे अधिक बारकाईने पाहू लागले आहे. त्याचे म्हणणे समजून घेण्यासाठी वऱ्हाडातील एका दारुड्याच्या मुलाचे चरित्र आपल्या उपयोगी पडेल. ते चरित्र महाराष्ट्राला पाठ आहे; पण त्याची पहिली काही वर्षे आपण सहसा घाईने ओलांडतो. येथे त्याच वर्षांपाशी थोडे थांबायचे आहे.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी आणि सखूबाई जानोरकर या परीट दांपत्याच्या पोटी देबूचा जन्म झाला. पुढे ज्यांना आपण संत गाडगे महाराज म्हणून ओळखतो, तेच हे देबूजी. त्या काळचा वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला चढे भाव मिळाले आणि ते युद्ध संपताच उतरले. हाती पैसा खेळण्याची आणि कर्ज काढण्याची सवय मात्र मागे राहिली. दारूवरील आबकारी कर हे सरकारचे हुकमी उत्पन्न होते. शिवाय जातीच्या चालीरीतींनी दारूला घरात मानाचे पान दिले होते. बारसे असो, लग्न असो वा तेरावे असो, पंगतीला दारू आणि मटण नसेल तर यजमानाची शोभा होत असे. देवालाही बकरा आणि दारू वाहिली जाई. अशा समाजात पिणे हा अपवाद नव्हता. न पिणे हाच अपवाद होता.

झिंगराजी या रीतीने पिऊ लागला आणि रीत सोडून पीत राहिला. घरची घडी विस्कटली, होते नव्हते ते गेले, शरीर पोखरले आणि १८८४ च्या सुमारास त्याचा मृत्यू झाला. देबू तेव्हा आठ वर्षांचा होता. मरणापूर्वी झिंगराजीला फार पश्चात्ताप झाला आणि मुलाला या वाटेपासून दूर ठेवण्याविषयी त्याने पत्नीला विनविले, असे चरित्रकार सांगतात. ते तसेच घडले असेल तर झिंगराजीविषयी आपल्या मनात थोडी करुणा उरली पाहिजे. तो दुष्ट नव्हता. ज्या संस्कृत शब्दाला आपण वाईट सवयीचा अर्थ चिकटवला आहे, त्या व्यसन या शब्दाचा एक जुना अर्थ संकट असाही आहे. झिंगराजीच्या बाबतीत तो अर्थ अधिक न्याय्य वाटतो.

आता त्या आठ वर्षांच्या मुलाकडे पाहू. त्याच्या वाट्याला काय आले होते? बापाचे व्यसन, दारिद्र्य, लहानपणीच पाहिलेला बापाचा मृत्यू आणि परागंदा झालेले घर. अमेरिकेत सॅन डिएगो येथे व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणातील अशाच आपत्तींविषयी विचारले आणि १९९८ मध्ये आपले पहिले निष्कर्ष मांडले. मारहाण, घरातील दारू, आईवर होणारे अत्याचार अशा आपत्तींपैकी चार किंवा अधिक ज्यांनी भोगल्या होत्या, त्यांच्यात दारूचे व्यसन, अमली पदार्थांचे सेवन, खिन्नता आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचे प्रमाण, एकही आपत्ती न भोगलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट आढळले. हे आकडे वाचले की वाटते, देबूचे भवितव्य आठव्या वर्षीच ठरून गेले होते.

त्यात रक्ताचाही वाटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. डेन्मार्कमध्ये डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दत्तक गेलेल्या मुलग्यांचा अभ्यास केला व तो १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मतःच दुसऱ्या घरी गेलेले, जन्मदात्या बापाची दारू डोळ्यांनी कधीही न पाहिलेले असे हे मुलगे होते. तरीही व्यसनी पालकांच्या पोटी जन्मलेल्यांमध्ये दारूच्या व्यसनाचे प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट होते. पुढे जुळ्या भावंडांच्या अनेक अभ्यासांतून असे दिसले की दारूच्या व्यसनाकडे असलेल्या कलाचा सुमारे निम्मा भाग अनुवंशिकतेने येतो. पण गुडविन यांच्याच अभ्यासाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. व्यसनी पालकांच्या त्या मुलांपैकी शंभरात अठरा व्यसनी झाले. उरलेले ब्याऐंशी झाले नाहीत. रक्त ओढ देते, हुकूम देत नाही. गावात बोलले जाणारे ते क्रूर वाक्य विज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही, ते असे.

मग उरलेले काम कोण करते? येथे आईच्या मांडीचा विचार करावा लागतो.

जॉन बोल्बी हे इंग्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धानंतर निराधार झालेल्या मुलांविषयी त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला आणि तो १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. अन्नवस्त्र मिळूनही मायेचे एखादे स्थिर माणूस नसेल तर मूल कोमेजते, हे त्यांनी ठामपणे सांगितले. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी आफ्रिकेतील युगांडात आणि मग अमेरिकेत आई व तान्ह्या मुलांचे निरीक्षण केले. रडणाऱ्या बाळाला कोणी उचलून घेते, त्याची भीती ओळखते, त्याला शांत करते. हे हजारदा घडले की बाळाच्या मनात एक खात्री रुजते. जग भयंकर असले तरी परतायला एक जागा आहे, ही ती खात्री. ज्याला ती मिळते ते मूल दूर जाऊन खेळू शकते. ज्याला ती मिळत नाही ते एकतर चिकटून राहते किंवा आपल्याला कोणाचीच गरज नाही असे दाखवू लागते. आपल्या आज्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. परंतु त्यांच्या ज्ञानाला शास्त्राचा आधार मिळायला विसावे शतक अर्धे सरावे लागले.

ही खात्री केवळ मनात राहत नाही, ती मेंदूत उतरते. आई बाळाला जवळ घेते तेव्हा बाळाच्या मेंदूत एंडॉर्फिन नावाची द्रव्ये पाझरतात. ती अफूच्याच कुळातील आहेत. फरक इतकाच की ती शरीर स्वतः तयार करते. वियोगाचे दुःख आणि शरीराची जखम या दोन्हींवर मेंदू जवळजवळ एकच मलम लावतो. ज्या बालकाला हे मलम मायेच्या हातून मिळत गेले, त्याच्या मेंदूला स्वतःला शांत करण्याची वाट सापडते. ज्याला ते मिळाले नाही, त्याला पुढे एखाद्या दिवशी दारूचा किंवा अफूचा पहिला घोट अशी उब देऊन जातो की आपण घरी आलो असे त्याला वाटावे. व्यसनमुक्ती केंद्रांत काम करणारे अनुभवी कार्यकर्ते याच अर्थाच्या कहाण्या सांगतात. बाहेरच्याला ती चैन वाटते. त्याच्या दृष्टीने ती वेदनेवरची मात्रा असते.

दुसरे द्रव्य डोपामिन. जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी कॅनडात १९५४ मध्ये उंदरांच्या मेंदूत एका विशिष्ट जागी बारीक तार बसवली आणि कळ दाबली की तेथे विजेचा सौम्य स्पर्श व्हावा अशी सोय केली. उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा दाबू लागले. त्या जागेला आनंदाचे केंद्र म्हटले गेले. पुढील संशोधनाने ही समजूत दुरुस्त केली. डोपामिन हे मुख्यतः आनंदाचे नव्हे, तर ओढीचे द्रव्य आहे. म्हणूनच जुना व्यसनी दारूची चव न आवडताही पितो. सुख कधीच संपलेले असते, तलफ मात्र वाढत जाते. या ओढीला लगाम घालणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो आणि तो वयाच्या पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. बालपणी सतत भीतीत वाढलेल्या मुलाच्या शरीरात ताणाचे द्रव्य वारंवार उसळते. त्यामुळे हा लगाम सैल राहतो आणि धोक्याची घंटा मात्र उगाचच वाजत राहते. अशा मुलाला मन आवरायला सांगणे म्हणजे लगाम नसलेल्या घोड्याच्या स्वाराला दोष देणे होय.

कॅनडातच मायकेल मीनी यांनी उंदरांच्या पिल्लांवर केलेला प्रयोग देबूच्या कथेला विशेष लागू पडतो. काही उंदीरमाता पिल्लांना फार चाटतात, कुरवाळतात. काही फारशा लक्ष देत नाहीत. दुर्लक्षित पिल्ले मोठेपणी भित्री आणि ताणाने लवकर कोसळणारी निघतात. हे रक्तातून आले की संगोपनातून? त्यांनी दुर्लक्ष करणाऱ्या मातांची पिल्ले जन्मतःच प्रेमळ मातांकडे ठेवली. ती पिल्ले शांत झाली. इतकेच नव्हे, पुढे त्यांच्यातील माद्यांनी आपल्याही पिल्लांना मायेने चाटले. आईची जीभ पिल्लाच्या जनुकांचे वागणे बदलते, असे पुढच्या संशोधनातून दिसून आले.

देबूचेही घर असेच बदलले. पतीच्या निधनानंतर सखूबाई मुलाला घेऊन आपल्या माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आली. तेथे आजोबा हंबीरराव होते आणि मामा चंद्रभानजी होते. मराठी घरात मामाच्या गावाला जे स्थान आहे ते सुट्टीतल्या लाडांपुरते. विधवा बहिणीला आणि तिच्या पोराला कायमचे सामावून घेणे ही वेगळी गोष्ट असते. चंद्रभानजींनी ते केले. देबूला शाळा मिळाली नाही, त्याने कधी पाटी धरली नाही. त्याला मिळाली गुरे. पहाटे उठून गोठा झाडणे, शेण काढणे, गुरे रानात नेणे, त्यांना नदीवर धुणे, सायंकाळी घरी आणणे. मोठा झाल्यावर नांगर, वखर, पेरणी. गावातील अस्पृश्य मानलेल्या मुलांसोबत तो गुरे राखी आणि त्यांच्याबरोबर भाकरी खाई. रात्री भजनाला बसे.

याला बालमजुरी म्हणून आजचा वाचक नापसंत करील, आणि शिक्षणाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. महाराजांनी स्वतः आयुष्यभर निरक्षरतेविषयी खंत बाळगली आणि गरिबांच्या मुलांसाठी शाळा, वसतिगृहे उभी केली. तरीही त्या दिनक्रमात काहीतरी होते. रोज ठराविक वेळी कोणीतरी आपली वाट पाहत आहे, मग ती गाय का असेना. आपण केलेल्या कामाने घर चालते. रात्री चार माणसे टाळ घेऊन आपल्याला मधे बसवून घेतात. भेदरलेल्या मेंदूला पुन्हा विश्वास शिकवण्यासाठी नेमाचे जीवन, उपयोगी हात आणि समूहाचा सूर यांपेक्षा मोठे औषध आजच्या केंद्रांनाही सापडलेले नाही.

हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर एमी वर्नर यांनी १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले गरिबी, कलह, पालकांचे व्यसन वा मनोविकार अशा धोक्याच्या घरांतील होती. आणि या धोक्यातील मुलांपैकीही सुमारे एक तृतीयांश चांगली, समर्थ, प्रेमळ माणसे झाली. त्यांच्यात समान काय होते, याचा शोध घेता असे दिसले की प्रत्येकाच्या आयुष्यात निदान एक तरी स्थिर, मायेचे माणूस होते. ते आईबापच असावे असे नाही. आजी, मावशी, शेजारीण, शिक्षक, कोणीही. काउआईच्या भाषेत बोलायचे तर देबूजवळ अशी दोन माणसे होती : सखूबाई आणि चंद्रभानजी.

यातील दुसरे माणूस त्याला पुन्हा गमवावे लागले. चंद्रभानजी अक्षरशत्रू होते. सावकाराने कर्जाच्या हिशेबात त्यांना फसवले, परतफेड होऊनही कागद तसाच राहिला आणि जमिनीवर टाच आली. त्या धक्क्याने मामा खचले व गेले. देबूजी तेव्हा तरुण होते. दुसऱ्यांदा बाप मेल्यासारखेच हे होते. याच वळणावर अनेकांचा पाय घसरतो. उमेदीच्या वयातला तोटा, अन्यायाचा संताप आणि गुत्ता हाकेच्या अंतरावर. देबूजींनी मामाची शेती पुढे कसली आणि जमिनीचा ताबा घ्यायला आलेल्या सावकाराच्या माणसांपुढे ते एकटे उभे राहिले. ते का ढळले नाहीत, हे कोणी त्यांच्या मेंदूत डोकावून सांगू शकणार नाही. संतांच्या चरित्राला प्रयोगशाळेचा अहवाल जोडण्याचा मोह आवरलेला बरा. एवढे म्हणता येते की कोसळण्याच्या वेळेपर्यंत त्यांच्या आत टेकायला काहीतरी तयार झालेले होते.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. मुलगी झाली. बारशाचा दिवस ठरला. जातभाई पंगतीला आले ते नेहमीच्या अपेक्षेने. देबूजींनी दारू आणि मटण ठेवले नव्हते. गोड जेवण वाढले. पंचांचा रोष, पाहुण्यांची कुजबुज, रीत मोडल्याचा ठपका हे सारे ओघाने आले. त्यांच्या चरित्रातील पुढचे भव्य प्रसंग बाजूला ठेवून मला हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. बापाला ज्या पंगतीने गिळले, ती पंगत मुलाने आपल्या मुलीच्या पाळण्यापाशी बदलली.

त्यामागे आज एक शास्त्रीय कारणही सांगता येते. अमेरिकेतील एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत १९९७ मध्ये दिसून आले की ज्यांनी पंधराव्या वर्षाआधी दारू प्यायला सुरुवात केली, त्यांच्यापैकी शंभरात सुमारे चाळीस जण पुढे कधीतरी तिच्या आहारी गेले. एकविसाव्या वर्षानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण दहाच्या आसपास होते. पक्व न झालेल्या मेंदूला लागलेली चव खोल रुजते. आपल्याकडे समारंभात पोरासोरांच्या ओठाला गमतीने घोट लावण्याची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. ती गंमत किती महाग पडते, हे बारशाच्या त्या पंगतीने सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले होते, असे म्हणायला हरकत नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, देबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती काठी आणि मातीचे फुटके गाडगे. त्या गाडग्यावरून नाव पडले. पुढे हातात खराटा आला. गावात शिरायचे, न बोलता रस्ते आणि गटारे झाडायची, मिळालेली भाकर गाडग्यात खायची, काम केल्याशिवाय घास घ्यायचा नाही आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन उभे करायचे. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे १९०८ मध्ये त्यांनी घाट बांधायला घेतला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९१७ ची. नाशिक, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा झाल्या. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारे झाले. लाखो रुपयांच्या वास्तू उभ्या राहिल्या आणि उभारणारा चिंध्यांतच राहिला.

या गृहत्यागाविषयी एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. मागे आई होती, कुंताबाई होत्या, लहान मुले होती. झिंगराजीच्या मुलांना बापाच्या दारूने पोरके केले; देबूजींच्या मुलांना बापाच्या वैराग्याने. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालणे अन्यायाचे होईल, पण मुलाच्या रित्या ओसरीला त्यातील भेद किती कळतो? कुंताबाईंनी अत्यंत हालाखीत, ऋणमोचन येथे झोपडीत राहून संसार सांभाळला. मुलगा गोविंदा १९२३ मध्ये ऐन तारुण्यात गेला, तेव्हा महाराज कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत होते. वार्ता ऐकूनही त्यांनी कीर्तन थांबवले नाही. भक्त या प्रसंगाने हेलावतात. मला त्या वेळी कुंताबाईंजवळ कोण बसले होते, हा प्रश्न सुटत नाही. संन्यस्त जीवनाची वाट निवडलेल्या कोणालाही हा प्रश्न टाळता येऊ नये.

मात्र महाराजांनी नाती तोडली असे म्हणणेही पुरते खरे नाही. त्यांनी ती गावोगाव पसरवली. त्यांचे कीर्तन एकतर्फी नसे. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारत, उत्तर येईपर्यंत थांबत, चुकीच्या उत्तरावर हसवत आणि हसता हसता अंतर्मुख करत. व्यसन, कर्ज, पशुबळी, अस्पृश्यता, घाण आणि निरक्षरता हे त्यांचे ठरलेले विषय. १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे; ज्यांना त्यांची शैली अनुभवायची असेल त्यांनी ते जरूर ऐकावे. दारूवर बोलताना ते पिणाऱ्याला रौरवाची भीती दाखवीत नसत. त्याच्या घरात काय शिजते, बायकोच्या अंगावर काय आहे, पोरे कोठे आहेत, याचे चित्र ते उभे करत. ज्याने ते घर आतून पाहिले होते त्यालाच ते साधत असे. साहित्यिक गो. नी. दांडेकर लहान वयात घरातून बाहेर पडले होते आणि पुढे काही काळ महाराजांच्या सहवासात होते, हेही येथे आठवते.

अमेरिकेत अ‍ॅक्रन येथे १९३५ मध्ये दोन मद्यपींनी एकमेकांना आधार देत दारूपासून दूर राहण्याचा जो मार्ग सुरू केला, तो अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या नावाने जगभर गेला. मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये मुक्तांगण उभे राहिले. तिन्हींची पद्धत निराळी, पण व्यसनी माणसाला एकटे न सोडणे हा गाभा एकच. औषधे विषाचा निचरा करतात, झटके आवरतात, तलफही काही अंशी कमी करतात, आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणे आवश्यकच आहे; पण औषधाच्या बाटलीला खांदा नसतो.

आपल्या गोंदियाकडे पाहताना हे सारे अधिक जवळचे होते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. गोंदियात ती नाही, आणि गावातील महिलांनी मतदानाने बाटली आडवी करण्याचा मार्ग कायद्याने खुला असला तरी तो सोपा नाही. पण दुकान हा प्रश्नाचा एक भाग आहे. धान कापणी संपली की कित्येक कुटुंबे कामाच्या शोधात नागपूर, रायपूर, हैदराबादकडे जातात. तान्ही मुले सोबत जातात, थोडी मोठी आजीपाशी राहतात. देवरी प्रकल्पाच्या आश्रमशाळांमध्ये सहा-सात वर्षांची आदिवासी मुले आईपासून दूर वाढतात. त्यांच्या शिक्षणासाठी हे आवश्यक आहे, यात वाद नाही. परंतु त्या मुलाला रात्री ताप आला तर कोणाचा हात त्याच्या कपाळावर पडतो, हा प्रश्न धान्याच्या कोठ्याइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे. अधीक्षक, स्वयंपाकीण, अंगणवाडीताई, वसतिगृह चालवणाऱ्या भगिनी : यांपैकी प्रत्येकाच्या हाती एखाद्या देबूचे आजोळ होण्याची संधी रोज येते. आणि नातवंडे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या आजीला रेशन आणि औषध वेळेवर मिळाले, तर तोही व्यसनमुक्तीचाच कार्यक्रम होय. सरकारी फायलीत तो त्या नावाने कधी नोंदला जाणार नाही, एवढेच.

महाराजांच्या अखेरच्या वर्षांकडे वळतो. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र त्याच वर्षाचे. आपला कोणी शिष्य नाही आणि आपण कोणाचे गुरू नाही, असे ते सांगत. उभारलेल्या संस्थांवर आपल्या नातलगांचा हक्क राहू नये, याचीही त्यांनी काळजी घेतली होती.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. महाराजांची प्रकृती आधीच खालावली होती. त्या वार्तेने ते आणखी खचले. त्याच महिन्यात त्यांना मोटारीने अमरावतीकडे आणले जात होते. २० डिसेंबर १९५६ रोजी, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच त्यांचा प्राण गेला. त्यांचे अंत्यसंस्कार अमरावतीत झाले. आज तो भाग गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा होऊन जेमतेम वर्ष-दीड वर्ष झाले होते. पुढच्या काळात अनेक गावांच्या प्रवेशद्वारावर खराटा घेतलेल्या त्या वृद्धाचे चित्र रंगवले गेले. दापुऱ्याच्या गोठ्यात पहाटे झाडू मारणाऱ्या मुलाचे चित्र मात्र कोठे पाहिल्याचे आठवत नाही.